अक्कल म्हणजे मुळात दोरी

मागच्या वर्षी आजीचं मृत्युपत्र करायला आम्ही तालुक्याला गेलो होतो. आजी ब्याऐंशीची, पण कान अजून तिखट. दस्त लिहिणाऱ्या काकांनी मजकूर टाइप करून हातात दिला आणि म्हणाले, आजींना एकदा वाचून दाखवा, म्हणून मी तिथंच बाहेर बाकावर बसून मोठ्यानं वाचायला लागले. "हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवीत आहे..." आजीनं हात वर केला. "थांब गं. ते मधलं परत वाच."

"अक्कलहुशारीने."

"हां. ते राहू दे. कुणाला काय द्यायचं ते पुढचं पुढं, आधी माझी अक्कल ठिकाणावर आहे हे कागदावर पाहिजे."

हा शब्द मी आधी शंभरदा वाचला असेल. खरेदीखतात असतो, बक्षीसपत्रात असतो, आपण त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. त्या दिवशी मात्र तो डोक्यात बसला आणि घरी आल्यावर मी त्याच्या मागे लागले, आणि जे सापडत गेलं ते इतकं छान आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तर 'अक्कलहुशारी'चे दोन तुकडे. 'हुशारी' फारसीतून आली, 'होश' म्हणजे शुद्ध, भान, त्यातला 'होश्यार'. आणि 'अक्कल' ही अरबी. मूळ शब्द 'अक़्ल'. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ला आली, त्यातही ती आहेच. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही ती इथली रोजच्या बोलण्यातली होती.

आता अरबीत शब्द कसे बनतात ते एक मिनिट समजून घ्या, कारण पुढची सगळी मजा त्यावर आहे. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. तीन व्यंजनं ही चौकट, त्यात वेगवेगळे स्वर भरले, पुढेमागे अक्षरं जोडली की वेगवेगळे शब्द तयार होतात आणि सगळ्यांत त्या मुळाचा अर्थ कुठेतरी झिरपत राहतो. क-त-ब हे लिहिण्याचं मूळ, त्यातून 'किताब' आली. ह-क-म मधून हुकूमही आला आणि हाकीमही. तसं अक्कलचं मूळ ऐन-काफ-लाम. यातला 'ऐन' हा आवाज आपल्याकडे नाहीच, घसा आतून आवळून 'अ' म्हटल्यासारखा तो निघतो. आणि 'काफ' म्हणजे जिभेच्या मुळाशी, पडजिभेपाशी वाजणारा खोल क़.

आणि या मुळाचा जुना, वाळवंटातला, हाताला लागणारा अर्थ काय, तर उंटाचा पाय बांधणं.

हे नीट डोळ्यासमोर आणा. उंट खाली बसला की त्याचे पुढचे पाय गुडघ्यात दुमडतात. त्यातला एक दुमडलेला पाय तसाच ठेवून वरच्या आणि खालच्या हाडाभोवती मिळून दोरीचा फास टाकायचा. आता उंट उठला तरी तीन पायांवर, लंगडत चार पावलं जाईल, पण रात्रीत पसार होऊ शकणार नाही. खुंटा नाही, दावं नाही, वाळूत खुंटा टिकणार तरी कसा, त्यामुळे उंटाला त्याच्याच पायानं थांबवायचं. या दोरीला म्हणतात 'इक़ाल'. आखाती देशांत पुरुष डोक्यावरच्या कापडावर जो काळा गोल गोफ घालतात ना, त्यालाही 'इक़ाल'च म्हणतात, तिकडच्या बोलीत 'अगाल' असं ऐकू येतं. आपल्या कोकणातली कितीतरी माणसं कुवेतला, दुबईला, दोह्याला वर्षानुवर्षं राहिलीत आणि तो गोफ रोज बघतात. तो गोफ आणि आपण पोरांना ज्याच्या नावानं ओरडतो ती अक्कल, सख्खी भावंडं आहेत.

तिर्मिज़ीच्या हदीस संग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, एक प्रसंग आहे. एक माणूस पैगंबरांना विचारतो की मी उंट बांधून देवावर भरवसा ठेवू की मोकळा सोडून भरवसा ठेवू. उत्तर येतं, आधी बांध, मग भरवसा ठेव. यातलं 'बांध' हे क्रियापद याच मुळाचं आहे. मला यात फार गंमत वाटते, कारण मराठी कानानं ऐकलं तर त्या एका शब्दात "दोरी लाव" आणि "अक्कल लाव" दोन्ही ऐकू येतं.

मग दोरीची बुद्धी कशी झाली? जुन्या अरबी कोशकारांनी यावर विचार करून ठेवलाय. 'लिसान अल-अरब' नावाचा प्रचंड मोठा कोश आहे, इब्न मन्ज़ूर यांनी तेराव्या शतकाच्या शेवटी पुरा केलेला. त्यात 'आक़िल' म्हणजे अक्कल असलेला माणूस कोण, तर जो स्वतःला अडवतो, मनाला येईल तिकडे जाण्यापासून मागे खेचतो तो. तिथंच दाखला दिलाय की माणसाची वाचा बंद झाली, बोलायचंय पण शब्द फुटत नाही, तर त्याची जीभ 'बांधली गेली' असं म्हणताना हेच मूळ वापरतात. म्हणजे मनाच्या उंटाला घातलेली दोरी ती अक्कल.

या मुळाची बाकीची पोरं बघितली की चित्र अजून स्पष्ट होतं. 'मअक़िल' म्हणजे किल्ला, आश्रयाची जागा, जिथं शत्रू अडतो. 'इअतिक़ाल' म्हणजे अटक, आजच्या अरबी बातम्यांत हा शब्द रोज येतो. 'मुअतक़ल' म्हणजे अटकेत ठेवायची जागा. पोट बिघडल्यावर जुलाब थांबवणारं औषध 'पोट बांधतं', तिथंही हेच क्रियापद, आणि आपणही म्हणतोच की औषधानं पोट धरलं. सगळ्यात अंगावर येणारा अर्थ मात्र वेगळाच आहे. जुन्या अरब टोळ्यांत खून झाला तर बदला टाळायला खुनी माणसाच्या कुळानं उंट द्यायचे, ती भरपाई. ते उंट आणून मेलेल्या माणसाच्या घरच्यांच्या अंगणात पाय बांधून बसवायचे. त्यावरून त्या भरपाईलाच 'अक़्ल' म्हणायला लागले आणि ती मिळून भरणाऱ्या भाऊबंदांना 'आक़िला', असं कोशकार सांगतात. रक्ताला रक्त असं चालू राहण्यापेक्षा बांधलेले उंट स्वीकारून हात थांबवायचा. शब्दाचा बुद्धीशी संबंध नाही असं वरवर वाटतं, पण मला विचाराल तर यापेक्षा जास्त अकलेचं काम कुठलं?

कुराणात हा शब्द नाम म्हणून येतच नाही, हे कळल्यावर मला आश्चर्य वाटलं होतं. क्रियापदाच्या रूपात तो ४९ वेळा येतो, "तुम्ही अक्कल वापरत नाही का?" अशा धर्तीची वाक्यं. म्हणजे तिथं अक्कल ही माणसाजवळ असलेली वस्तू नाही, ती करायची गोष्ट आहे. दोरी खिशात असून उपयोग नाही, ती बांधावी लागते.

पुढे आठव्या ते दहाव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरं सुरू झाली, आणि तिथं या शब्दावर भलताच भार पडला. अॅरिस्टॉटलकडे 'नूस' नावाची कल्पना आहे, माणसातली विचार करणारी, सत्य ओळखणारी शक्ती. त्याला अरबीत काय म्हणायचं? भाषांतरकारांनी 'अक़्ल' उचलला. उंटाच्या दोरीचा शब्द एकदम तत्त्वज्ञानाच्या सर्वात वरच्या पायरीवर जाऊन बसला. अल-किंदी यांनी, जे साधारण ८७३ च्या सुमारास वारले, अक़्लवर छोटा ग्रंथ लिहिला, मग अल-फ़ाराबी (मृत्यू ९५०) यांनी, मग इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी तर त्याच्या पायऱ्याच पाडल्या. नुसती क्षमता असलेली अक़्ल, म्हणजे तान्ह्या बाळात लिहिण्याची क्षमता असते तशी. मग मूळ गोष्टी कळू लागलेली. मग हवं तेव्हा वापरता येईल अशी तयार झालेली. आणि शेवटी प्रत्यक्ष विचार चालू असतानाची. या सगळ्यांवर एक 'कर्ती अक़्ल', जी बाहेरून सूर्यासारखा उजेड टाकते आणि मग माणसाला कळतं. हा भाग अवघड आहे, यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत, आपण इथंच थांबू.

पण फ़ाराबींचं एक सांगायलाच पाहिजे. त्यांच्या त्या ग्रंथात 'अक़्ल' हा शब्द लोक किती अर्थांनी वापरतात याची यादी आहे, एकूण सहा. आणि पहिला अर्थ त्यांनी तत्त्वज्ञांचा घेतला नाही, साध्या माणसांचा घेतला. ते म्हणतात, लोक एखाद्याला आक़िल म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात चांगुलपणाही असतो. वाईट गोष्ट साधण्यात कुणी कितीही तरबेज असला तरी लोक त्याला आक़िल म्हणायला तयार होत नाहीत, कावेबाज वगैरे दुसरे शब्द वापरतात. अकराशे वर्षांपूर्वीचं निरीक्षण, आणि आपल्या गल्लीत आजही खरं आहे. पोराला पंच्याण्णव टक्के पडलेत, कोडिंग येतं, आणि पाहुण्यांसमोर आईला काहीतरी टाकून बोलला, तर आपण काय म्हणतो, "हुशार आहे, पण अक्कल नाही". हे वाक्य प्रत्येक मराठी घरात बोललं जातं आणि कुणालाच त्यात विरोध वाटत नाही. हुशारी म्हणजे धावता येणं. अक्कल म्हणजे कुठं थांबायचं ते कळणं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. हेच अरबी ग्रंथ बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोला लॅटिनमध्ये गेले, पण तिथं शब्द गेला नाही, फक्त कल्पना गेली. लॅटिनवाल्यांनी 'इंटेलेक्टस' हा आपला शब्द लावला. त्यामुळे अल्जिब्रा, अल्कोहोल हे अरबी शब्द इंग्रजीत आहेत, अक़्ल नाही. पूर्वेला आणि दक्षिणेला मात्र उलटं झालं, तिकडे शब्दच गेला, बाजारातून, दरबारातून, मशिदीतून, गलबतातून, आणि ग्रंथ ज्यांनी कधी पाहिले नाहीत त्यांच्या तोंडी बसला.

मराठीत तो थेट अरबांकडून आलेला नाही, फारसीमार्गे आला. बहमनी राज्य १३४७ ला सुरू झालं, मग निजामशाही, आदिलशाही, शेकडो वर्षं दरबाराची आणि दप्तराची भाषा फारसी, आणि फारसीत अरबी शब्द ठासून भरलेले. हिशेब, जमा, बाकी, अर्ज, कायदा, वकील, मालक, गरीब, सगळी तीच वाट. अक्कल त्या वाटेनं आली याची खूण तिच्याबरोबरच्या सामानात दिसते, 'बेअक्कल' मधला 'बे' आणि 'अक्कलमंद' मधला 'मंद' हे दोन्ही फारसी आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. त्यानं दरबारातल्या कितीतरी शब्दांना पर्याय दिले. पण अक्कल नुसती दरबारात नव्हतीच, ती चुलीपाशी, शेताच्या बांधावर जाऊन बसली होती, तिथून तिला कोण उठवणार.

येताना तिनं रूप मात्र बदललं. ऐनचा घसा फारसीतच सुटला, खोल क़ आपल्याकडे साधा क झाला. 'अक़्ल' मधलं शेवटचं जोडाक्षर आपल्या जिभेला अडचणीचं, म्हणून मध्ये 'अ' घुसला आणि वर क दुप्पट झाला. एकटी अक्कलच नाही, 'नक़्ल'ची नक्कल झाली, 'शक्ल'ची शक्कल झाली. आणि आता स्वतः म्हणून बघा, अक्कल म्हणताना क दोन, पण 'अकलेचा', 'अकलेनं' म्हणताना एकच. दुसरा क कुठं गेला? तो गेला तिथंच जिथं चप्पल-चपला, टक्कल-टकला, नक्कल-नकला यातला गेला. कुणी आपल्याला शिकवलेलं नाही, पण आपण कधी चुकत नाही. परका शब्द आपल्या व्याकरणात इतका मुरला की तो आपल्याच नियमानं वाकतो, यापेक्षा तो घरचा झाल्याचा पुरावा मला वाटत नाही दुसरा कुठला लागेल. शिवाय अरबीत तो पुल्लिंगी आहे, तो अक़्ल. उर्दूत आणि आपल्याकडे ती झाली, ती अक्कल. मला वाटतं बुद्धी, मती या इथल्या जुन्या बायांच्या पंगतीत बसल्यामुळे असावं.

नक्कल आलीच आहे तर तिचं सांगते, कारण हा मला या सगळ्यात सापडलेला सगळ्यात आवडता तुकडा आहे. परीक्षेत बघून लिहिणाऱ्याला आपण म्हणतो, "नक्कल करायलापण अक्कल लागते". आपल्याला वाटतं यमक जुळलं म्हणून म्हण झाली. पण अरबीत अक़्ल आणि नक़्ल ही जोडी हजार वर्षांपासूनची आहे, आणि तिथं ती चेष्टेची नाही. नक़्ल म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे वाहून नेणं, म्हणजे मागच्यांकडून जसंच्या तसं पुढे आलेलं ज्ञान, धर्मग्रंथ, परंपरा. अक़्ल म्हणजे स्वतः विचार करून मिळवलेलं. इब्न ख़ल्दून (१३३२ ते १४०६) यांनी आपल्या 'मुक़द्दिमा'त सगळ्या विद्यांची विभागणी याच दोन खणांत केली, एका बाजूला धर्मशास्त्र, हदीस, भाषा, दुसरीकडे तर्क, गणित, ज्योतिष, वैद्यक. दोघांत भांडण झालं तर कुणाचं ऐकायचं यावर पंडितांनी शतकानुशतकं वाद घातले. हीच विभागणी हिंदुस्थानातल्या मदरशांतही होती, लखनौच्या फ़िरंगी महलातल्या मुल्ला निज़ामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावानं जो अभ्यासक्रम चालला त्यात 'मअक़ूलात' म्हणजे तर्काच्या विद्यांवर चांगलाच भर होता. हिंदी पिक्चरमध्ये 'माकूल जवाब' किंवा चिडून 'नामाकूल' ऐकता ना, तो हाच 'मअक़ूल', अकलेला पटणारा.

आता मराठीनं अकलेचं काय काय केलं ते बघा, कारण इथं आपली भाषा नुसती हात पसरून घेणारी नाही, तिनं भरपूर स्वतःचं घातलंय. अकलेचे तारे तोडतात. अक्कल पाजळतात, जशी मशाल पाजळावी. अक्कल गहाण ठेवतात. ती चरायला जाते, गुडघ्यात उतरते, अकलेचं दिवाळं निघतं, अकलेचा कांदा असतो. नीट पाहिलं तर यातल्या जवळपास सगळ्या वेळी अक्कल जागेवर नाही. बुद्धीचं आपण कौतुक करतो, देवाकडे मागतोही, "बुद्धी दे गणनायका". अक्कल कुणी देवाकडे मागत नाही. ती असणं हे गृहीत आहे, नसली की बोंब. दोरीसारखंच, बांधलेली असेपर्यंत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, सुटल्यावर धावाधाव.

यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'अक्कलखातं'. जुन्या दुकानदारांच्या वहीत प्रत्येक पैसा कुठल्या ना कुठल्या खात्यावर पडायलाच हवा. मग फसवणुकीत गेलेले, आपल्याच चुकीनं बुडालेले, ज्याचं काहीच परत येणार नाही ते पैसे कुठं टाकायचे? ते अक्कलखाती. आजोबांचं किराणाचं दुकान होतं, आणि उधारी बुडवून कुणी गाव सोडून गेलं की ते शांतपणे म्हणायचे, "अक्कलखाती घाला". पैसा गेला, पण बदल्यात काहीतरी घेतलं, तर ते बुडीत नाही, ती फी. आणि बघा, बंगालीत याच अर्थाचा शब्द आहे, 'आक्केल-सेलामी'. सेलामी म्हणजे सलामी, नजराणा. मूर्खपणापायी भरावा लागलेला दंड म्हणजे अकलेला दिलेला नजराणा. हजार-दीड हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन भाषांनी एकाच परक्या शब्दाचा हिशेबच मांडला, आपण खतावणीत लिहिला, त्यांनी दरबारात पेश केला.

बाकी जगात हा शब्द जिथं जिथं गेला तिथं तिथं त्याला थोडं वेगळं काम लागलं. तुर्कीत 'अकल'च्या जवळ जाणारा 'अकिल', त्यात एक म्हण आहे, अक्कल वयात नसते, डोक्यात असते. दुसरी त्याहून भारी, बिनअकली डोक्याची शिक्षा पाय भोगतात. म्हणजे विसरलेली पिशवी आणायला परत बाजारात कोण जातं, पायच. आणि स्मार्टफोनला तुर्कीत शब्दशः 'अक्कलवाला फोन' म्हणतात. सोमालीत तर ऐनचा आवाज अजून शाबूत आहे, आणि १९७२ ला त्यांनी लॅटिन लिपी घेतली तेव्हा त्या आवाजाला 'सी' हे अक्षर देऊन टाकलं. युरोपात माल्टा बेटावर अरबीतूनच वाढलेली माल्टीज भाषा आहे, तिथं समंजस माणसाला याच मुळाचा शब्द आहे.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत 'अकिली'. मनाचं आरोग्य म्हणायचं तर 'आफ्या या अकिली'. त्यांची एक म्हण आहे, 'अकिली न्यिंगी हुओन्दोआ मारिफा', फार अक्कल चालवली की ज्ञान पळून जातं. यातला 'मारिफा' पण अरबी, ओळख, ज्ञान, आणि आपण ज्याला 'मार्फत' म्हणतो तो त्याचाच भाऊ, ओळखीतून काम करणं. पश्चिमेला नायजेरियाकडे हौसा भाषेत तो 'हन्काली' झाला, ऐनच्या जागी ह आला. 'हन्काली' म्हणजे अक्कल, भान, आणि 'आ हन्काली' म्हणजे हळू, सांभाळून. मी हे वाचलं तेव्हा थांबलेच. वाळवंटाच्या पार पलीकडे, शब्दाचा चेहरा ओळखू येईना इतका बदललेला, आणि अर्थात मात्र दोरी जशीच्या तशी, हळू चल, आवर.

सगळीकडे ती टिकली असं मात्र नाही. इंडोनेशियात हा शब्द 'आकाल' होऊन गेला. एकीकडे 'आकाल बुदी' म्हणतात, त्यातलं 'बुदी' म्हणजे आपली संस्कृत बुद्धी, म्हणजे अरबी आणि संस्कृत एका जोडशब्दात शेजारी शेजारी. एखादी गोष्ट पटली तर ती 'आकालात शिरली'. पण त्याच शब्दाला क्रियापद केलं की अर्थ होतो गंडवणं, आणि 'आकाल बुलुस' म्हणजे कासवाची अक्कल, लबाडी. तिथं दोरी सुटली आणि नुसती युक्ती उरली. फ़ाराबींनी ज्याला अक़्ल म्हणायला नको म्हटलं होतं नेमकं तेच तिथं अक़्ल झालं. शब्दांवर कुणाची जबरदस्ती चालत नाही.

अक्कलदाढेचं विचारणार असाल तर ती अक्कल तीच. अरबीत 'ज़िर्स अल-अक़्ल', फारसीत 'दन्दान-ए-अक़्ल', बंगालीत 'आक्केल दांत'. साधारण सतरा ते पंचवीस वर्षांत येते, माणूस जबाबदार व्हायच्या वयात. पण ही कल्पना त्याहून जुनी आहे, ग्रीक लोक या दाढांना 'सोफ्रोनिस्टेरेस' म्हणायचे, म्हणजे ताळ्यावर आणणाऱ्या, संयम शिकवणाऱ्या. तिथंही हुशारी नाही बरं का, संयमच.

आणि आयुर्वेदाच्या दुकानात मिळणारा अक्कलकारा किंवा अक्कलकाढा, ज्याचं मूळ चघळलं की जीभ बधिर होते आणि जो दातदुखीवर देतात, त्याचा अकलेशी काहीही संबंध नाही. त्याचं अरबी नाव 'आक़िर-क़र्हा', मूळच वेगळं, शेवटी ल नाही र आहे. आपल्या कानानं ओळखीचा शब्द ऐकला आणि तसा करून घेतला. लहान मुलाला अक्कल यावी म्हणून कुणी तो चाटवत असेल तर नावावर जाऊ नका, आधी डॉक्टरला विचारा.

परत कागदावर येते. इस्लामी कायद्यात व्यवहार करायला माणूस 'आक़िल' आणि 'बालिग़' लागतो, म्हणजे भान शाबूत आणि वयात आलेला. वेड्यानं किंवा अजाण मुलानं केलेला करार करार नाही. दारू निषिद्ध का, याचं एक कारण हेच देतात की ती अक़्लवर झाकण टाकते, दारूला 'ख़म्र' म्हणतात त्या मुळाचा अर्थच झाकणं असा सांगतात, आणि आपली 'खुमारी' त्याच मुळाची. म्हणजे आजीच्या मृत्युपत्रात काकांनी जो 'अक्कलहुशारीने' टाइप केला त्यामागे कायद्याची मोठी जुनी परंपरा उभी आहे, की देणाऱ्याचं मन त्याच्या स्वतःच्या ताब्यात होतं. काकांना हे माहीत असायची गरज नाही. आजीला मात्र न सांगता बरोब्बर कळलं होतं की सगळ्या कागदात वजनदार शब्द तो आहे.

हल्ली एआयबद्दल बोलताना हा शब्द परत वर आलाय. स्वाहिलीत एआयला 'अकिली बांदिया', 'अकिली म्नेम्बा' म्हणतात, बनावट किंवा कृत्रिम अक्कल. इंडोनेशियात 'आकाल इमितासी' पण म्हणतात. मराठीत आपण 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणतो, कृत्रिम अक्कल कुणी म्हणत नाही, म्हणून बघा, कानाला लगेच खटकतं. मग मी बघितलं की खुद्द अरबीत काय म्हणतात, ज्यांचा शब्द आहे त्यांनी काय केलं. तर त्यांनी 'अक़्ल' दिलाच नाही. 'ज़का' म्हणतात ते, 'अज़-ज़का अल-इस्तिनाई'. ज़का म्हणजे तल्लखपणा, बुद्धीची धार, आणि त्याचं मूळ आग भडकून पेटण्याचं आहे. यंत्राला त्यांनी पेटण्याचा शब्द दिला, बांधण्याचा स्वतःजवळ ठेवला.